राबावरचा तंबू

आबांशी माझी ओळख झाली ती त्यांनी मला उठवलं म्हणून. मी त्यांच्या अंगणातल्या बाजेवर बसले होते. ते आतून आले आणि म्हणाले, "उटा. ती बाज बसायची न्हाई."

"मग कशाची?"

"वाळवनाची."

बाजेवर वाळवण नव्हतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "उद्या आसंल."

मी उठले. पुढच्या चार दिवसांत त्या बाजेवर एक पापडसुद्धा आला नाही. पण बसायची माझी हिंमतही झाली नाही.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची. मुळशीत रिह्याच्या खोऱ्यात आम्ही तिघी मैत्रिणी मे महिन्यात तंबू ठोकून राहायला आणि डोंगर चढायला गेलो होतो. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते. तरुण आणि मूर्ख. त्यातलं आता एकच उरलंय, कोणतं ते माझ्या सुनेला विचारा. वर्षभर कोथरूडच्या टेकडीवर रोज सकाळी चालल्यामुळे आपण गिर्यारोहक झालो अशी माझी समजूत झाली होती. घोट्याच्या वर येणारे बूट, घडीची काठी, गळ्यात शिट्टी आणि ज्याच्यातून चमचा, कात्री, करवत असं काहीही निघतं तो चाकू, एवढं सगळं मी घेतलं होतं. त्या वेळचा फोटो परवा नातवाच्या हाती लागला. तो म्हणाला, "आज्जी, तू रिह्याला गेली होतीस की चंद्रावर?"

बरोबर शालन होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, यादी केल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही. आणि कुंदा, जिची गाडी होती आणि जी सापांना भ्यायची. सापाला वास सहन होत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने फिनेलच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या.

आबांचा मुलगा दत्ता उन्हाळ्यात आपल्या भाताच्या खाचरांत तंबू लावून शहरातल्या लोकांना राहायला द्यायचा. भात दिवाळीच्या सुमाराला निघतं, मग पाऊस पडेपर्यंत खाचरं मोकळीच. दत्ता गोड बोलणारा, हुशार मुलगा होता. त्याला खाचरांत सिमेंटचे पक्के ओटे बांधायचे होते, म्हणजे तंबू बारा महिने चालले असते. आबांचा त्याला विरोध होता. रोज वाद व्हायचे. शेवटी बापलेकांत ठरलं ते आबांच्या शब्दांत असं: "जवर मी राब भाजतोय तवर खाचरात भात. ज्या साली राब न्हाई, त्या साली तुजं वटं."

हे आम्हाला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर मी पुढे जो उद्योग केला त्यात आबांचं काय पणाला लागलं होतं ते समजायचं नाही. आणि राब म्हणजे काय तेही सांगते, कारण मला माहीत नव्हतं. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरायचं, त्यावर पाला आणि डहाळ्या, त्यावर गवत, आणि सगळ्यांत वर बारीक माती. मग एखाद्या पडल्या वाऱ्याच्या दिवशी ते सगळं धुमसत ठेवायचं. खालची जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, आणि पावसाआधी पेरलेलं भात तिथे जोमानं उगवतं. राब नाही तर रोप नाही. रोप नाही तर भात नाही.

आबा तेव्हा पंचाहत्तरीचे असतील. अंगाने काटकुळे. मे महिन्यातसुद्धा बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "थंडीत घालतो तवा कोन इचारत न्हाई." प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती. शालनने विचारलं, यंदा पाऊस कधी येईल हो? आबा म्हणाले, "मी काय त्येचा कारकून हाय?"

खाचरांना त्यांनी नावं ठेवली होती. प्रत्येक गावात शेतांना नावं असतात, पण ती विहिरीवरून नाहीतर झाडावरून पडतात. आबांनी माणसांवरून ठेवली होती. एकाचं नाव मामलेदार. "कितीबी पानी सोडा, भरतच न्हाई." एकाचं व्याही. "बांदाला टेकून बसलंय, काम काय करत न्हाई." सगळ्यांत चांगल्या, काळ्याभोर खाचराचं नाव होतं म्हातारी. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्यावरूनच ते नाव असावं, पण विचारायचं कोणी? आता आबाही नाहीत, आणि ते माझं विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दत्ताने निळे तंबू तयारच ठेवले होते. मी नकार दिला. आम्ही आमचा तंबू आणलाय आणि तो आम्हीच लावणार, असं मी अशा थाटात सांगितलं की दत्ताने मान डोलावली. "कुटंबी लावा काकू, सगळं आपलंच हाय," असं म्हणून तो सामान आणायला पौडला गेला. आबा गुरं घेऊन डोंगराकडे गेले. राबावर तंबू लावू नका असं दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. चुलीवर बसू नका असं तरी कोण सांगतं?

म्हातारीच्या कडेला मला ती जागा दिसली. चांगली लांबरुंद, हातभर उंच, पाल्यापाचोळ्याची आणि गवताची एकसारखी गादी. मी भारावून गेले. म्हटलं, बघा ही खेड्यातली माणसं! पाहुण्यांना जमीन टोचू नये म्हणून केवढी काळजी!

शालन म्हणाली, "पण वर माती का टाकलीय?"

"मुंग्या येऊ नयेत म्हणून," मी म्हणाले. तेव्हा माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं.

"आणि हा वास?"

"गावचा आहे."

आम्ही त्या गादीवर तंबू ठोकला. कुंदाने चारी बाजूंनी फिनेल शिंपडलं. दत्ताच्या बायकोने पाठवलेली पिठलं-भाकरी खाऊन आम्ही त्या मऊ बिछान्यावर अशा झोपलो की माझ्या पाठीचं जुनं दुखणं थांबलं. हे मी अजून डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

चार वाजता मला चहाची हुक्की आली. दत्ताच्या घरून आयता चहा आला असता. पण मोबाईलवर मी जंगलात आग कशी पेटवावी याचे किती व्हिडिओ बघितले होते! तंबूच्या दाराशी तीन दगड मांडले, गादीतलंच मूठभर गवत ओढलं आणि पेटवलं. वारा पश्चिमेकडून, माझ्या पाठीमागून येत होता. एकाच काडीत पेटलं म्हणून मी शालनकडे विजयाने बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या पलीकडे बघत होती.

आम्ही पिशव्या ओढून काढल्या आणि पळालो. आम्हाला कोणाला काही झालं नाही. तंबू निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखा आकसला. आणि ती गादी वाऱ्याबरोबर धडधडा पेटत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली. वीस मिनिटांत खेळ खलास. वाऱ्याने राखसुद्धा उचलून व्याह्याच्या बांधावर नेऊन टाकली.

दत्ता मोटारसायकलवरून आला आणि ते बघून उभाच राहिला. मग गुरांच्या मागून आबा आले. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी राबाला एक फेरी मारली, वाकून मातीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "वरनं करपलं. आत गार."

मग आमच्याकडे वळले. "कुनी पेटवलं?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"कुटनं?"

मी दाखवलं.

"वाऱ्याच्या अंगानं," ते म्हणाले.

माझी बाजू घ्यायची म्हणून शालन पुढे झाली. "आबा, ती तशी फार हुशार आहे हो. पंचवीस वर्षं घरी भाजणी करून विकते. अख्खं कोथरूड तिच्याकडून नेतं."

"भाजनी? थालपिटाची?"

"हो," मी म्हणाले.

"आच मोटी ठिवता?"

"नाही. मंद."

"का?"

"वरून करपतं आणि आत कच्चं राहतं."

"मंग?" आबा म्हणाले, आणि गुरं बांधायला गेले.

पंचवीस वर्षं मी बायकांना सांगत आले होते की भाजणी भाजायची असते, जाळायची नसते. कढईपासून हलायचं नाही. आता एका शब्दात माझं दुकान बंद झालं होतं.

दत्ताने आम्हाला घरी नेऊन चहा दिला. राब म्हणजे काय, बापलेकांत काय ठरलंय, हे सगळं त्यानेच तेव्हा सांगितलं. वर समजूत घातली. "टेन्शन घेऊ नका काकू. एका अर्थी बरंच झालं. मला आबास्नी न्हाई म्हनावं लागलं न्हाई. आता पुढच्या हप्त्यात वटं घालून घेतो."

तो मनापासून बोलत होता, त्याचंच मला जास्त लागलं. तो चहा काही माझ्याने संपला नाही. आबा बांधावर बसले होते, तिथे मी गेले.

"आबा, पुन्हा नाही का करता येणार?"

"शेन कुटलं? दोन गाया हायेत. वरीसभराचं व्हतं त्ये."

"किती लागेल?"

"चाळीस पाट्या."

"आणि पाला?"

"डोंगरावं हाय. आनायला मानूस पायजे."

"आम्ही आहोत ना."

आबांनी माझ्या बुटांकडे बघितलं. "ह्ये लई चांगलं हाय," ते म्हणाले. "रेड्याला बसलं आसतं."

हा होकार आहे असं आम्ही ठरवलं. शालनने त्याच संध्याकाळी दत्ताच्या निळ्या तंबूत बसून यादी केली: कोणाच्या घरी किती गुरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी घमेलं घेऊन शेण मागायला निघालो. गावात बातमी आमच्या आधी फिरली होती. पहिल्याच दारात एक म्हातारी म्हणाली, "आबाचा राब जाळला त्या तुमीच व्हय? या, या. बसा. चूल नका पेटवू म्हंजे झालं." दुसरीकडे एक सून पदर तोंडाला लावून विचारते, "पुन्यात शेन मिळत न्हाई व्हय?" शालन मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "शुद्ध मिळत नाही." निम्म्या गोठ्यांत गुरं नव्हतीच, मोटारसायकली होत्या. ज्यांच्याकडे होती त्यांनी आधी टोमणा दिला, मग शेण दिलं. टोमणा न देता कोणीच दिलं नाही. कुंदा आपल्या गाडीत शेंगदाणे खाऊ देत नसे. त्या दिवशी तिच्या डिकीतून सव्वीस पाट्या शेण गेलं. शेवटी तिने एक फिनेलची बाटली बाहेर काढली आणि विचार करून परत ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी उजाडता आबा आम्हाला पाल्यासाठी डोंगरावर घेऊन गेले. ज्या चढाईसाठी आम्ही आलो होतो ती ही. आबा पुढे, अनवाणी. मागे एकदाही वळून बघायचे नाहीत. शालनने हटकलं तर म्हणाले, "मागं बगितलं की मागची मानसं दमत्यात."

एक विचित्रपणा मात्र होता. दर दहा-पंधरा मिनिटांनी ते एखाद्या झाडापाशी थांबायचे आणि झाडाला बोलायचे. खरंखुरं, कमरेवर हात ठेवून. "का रं? औंदा पाला द्यायला कुरकुरतुया? दोन सालं झाली बगतोय तुला." पुढच्या ऐनाच्या झाडाला, "तुजा बा बरा व्हता." आम्ही मागे धापा टाकत ऐकायचो. कुंदा माझ्या कानात म्हणाली, "जरा सरकलेत का गं हे?" मी विद्वानासारखं म्हटलं, "एकटेपणा. असं होतं."

मी दिलेल्या निदानांपैकी हे सगळ्यांत फुकट गेलेलं. पाल्याचे भारे घेऊन उतरताना आबा कुठल्याच झाडाशी एक अक्षर बोलले नाहीत. सरळ खाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की वर जाताना झाडांचं काही चुकलेलं नव्हतं. आम्हाला दम खायला मिळावा, आणि आम्ही दमलोय असं म्हणायची वेळ आमच्यावर येऊ नये, म्हणून ते बिचाऱ्या झाडांना झापत होते.

वरून एका बाजूला खाचरं दिसत होती, त्यात दत्ताचे निळे तंबू आणि काठाला मी केलेला काळा डाग. दुसऱ्या बाजूला, लांब महाळुंग्याच्या अंगाला, उन्हात इमारती चकाकत होत्या. आबांनी तिकडे बघितलं. म्हणाले, "तितं बी येकेका साली कुना-कुनाचा राब ऱ्हायला आसंल."

माझी घडीची काठी मात्र त्यांना पसंत पडली. तिने फांदी वाकवायला बरं पडतं म्हणाले. ती त्यांनी परत दिली नाही.

चौथ्या दिवशी राब रचला. शेण चाळीस पाट्या झालं नाही, आबांच्या गोठ्यातलं धरूनही तेहतीसच झालं. आबांनी ते पातळ पसरायला लावलं. दत्ता बांधावर उभा होता. हातात मोबाईल. तो आडवा आला नाही, पण पुढेही आला नाही. ठरल्याप्रमाणे राब भाजला गेला की त्याचं वर्ष गेलं, हे त्याला कळत होतं, आणि मलाही. तोही कोणाचा मुलगा होता, त्याच्याही पोरांची शाळा होती. मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

दुपारी पान हलत नव्हतं तेव्हा आबांनी, वारा रोज जिकडून येतो त्याच्या उलट अंगाने विस्तव लावला. मला हातात ओली डहाळी देऊन एका कडेला बसवलं. "जाळ दिसला की हान. धूर दिसूंदे, जाळ न्हाई."

मी बसले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अंगाला शेणाचा वास. पण काम ओळखीचं होतं. कुठे रंग बदलतो, कुठे वास बदलतो, कुठे माती ढासळून भोक पडतंय, हे मला कळायला लागलं. आबा दुसऱ्या टोकाला होते. दोन तास आम्ही आपापल्या कडेला डहाळ्या हाणत होतो.

चारच्या सुमाराला वारा सुटला. पलीकडच्या एका कोपऱ्यात माती घसरली आणि जाळ वर आला. माझ्यापासून लांब, आबांपासून त्याहून लांब. मी उठेपर्यंत तो हातभर झाला. मी ओरडले. गळ्यातली शिट्टी मात्र आठवली नाही.

दत्ताने मोबाईल बांधावर टाकला आणि उडी मारली. फावडं नव्हतं, दोन्ही हातांनी माती ओढून तो जाळावर फेकत सुटला. त्याचा पांढरा सदरा बघता बघता काळा झाला. जाळ बसला, धूर आला. आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपली कड राखत बसले.

बांधावरचा मोबाईल वाजायला लागला. दत्ता खोकत खोकत गेला, उचलला. कोणीतरी शहरातला, जुलैसाठी विचारत होता.

"न्हाई सायेब," दत्ता म्हणाला. "जूनपास्नं बंद. … न्हाई, वटं न्हाईत. … आवो भात आसतंय तितं." आणि मग, माझ्याकडे नाही, आबांकडेही नाही, धुराकडे बघत, "व्हय. दरसाल."

आबा म्हणाले, "माती कमी पडलीया त्या कोपऱ्यात. फावडं आन."

दत्ता फावडं आणायला गेला.

आम्ही त्या संध्याकाळी पुण्याला निघालो. आबा निरोप द्यायला आले नाहीत. ते राबाजवळ बसून होते.

दिवाळीनंतर दत्ता कोथरूडला आला. नव्या तांदळाची पिशवी घेऊन. मी त्याला थालीपीठ केलं. तो खाली मान घालून खात होता. तिसरं वाढल्यावर म्हणाला, "आबांचा निरोप हाय काकू. तुमी बसला व्हता त्या कडंला तण लई आलं."

मी चिडले. म्हटलं, "सांग त्यांना, माझ्या कडेला जाळ आलाच नव्हता. तण आलं असेल तर ते तू हातांनी टाकलेल्या मातीतलं."

दत्ता हसायला लागला. "त्येबी सांगितलंय त्यांनी. म्हनले, बाई आसंच म्हननार. तू काय बोलू नको, जेवून ये."